बसलेलं माप

रहाटणीतल्या त्या गल्लीत किसनला नावानं ओळखणारे थोडेच होते. बाकीच्यांसाठी तो शिवणवाल्या नीलाताईंचा नवरा. चौतीस वर्षं त्यानं टूलरूममध्ये फिटर म्हणून काढली, आधी भोसरीत आणि कंपनी हलल्यावर चाकणला. सकाळी कंपनीच्या बसनं जायचा, अंधार पडता यायचा, आणि पुढच्या खोलीतले ब्लाऊज, परकर, गणवेश, मुलींचे स्कर्ट यांचे ढीग चुकवत आत जाऊन जेवायला बसायचा. त्या ढिगांकडे त्यानं कधी नीट पाहिलं नव्हतं.

तो रिटायर झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, नीलाला झटका आला. किसन दूध घेऊन परत आला तर ती मशीनसमोरच्या खुर्चीत उजवीकडे कललेली होती आणि सुईखालचं कापड तिच्या वजनानं ताणलं गेलं होतं. त्यानं हाक मारली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण ओठ एकाच बाजूनं हलले.

तेवीस दिवसांनी तिला दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता, आणि त्यांच्याबरोबर बोलणंही. एकच शब्द उरला होता, "नको." पाणी देऊ का म्हटलं की नको, आणि पेला ओठाला लावला की घटाघटा पिऊन टाकायची. पंखा लावू? नको. अंजली आलीय बघ. नको. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की तिला सगळं कळतं, मनात वेगळं असतं, पण तोंडात तेवढाच शब्द येतो. त्यातला खरा नको कोणता आणि नुसता कोणता, हे ओळखायचं काम किसनवर आलं.

साडी नेसवणं शक्यच नव्हतं. सगळ्यांनी गाऊन सुचवला, आणि अंजलीनं एकदम पाच आणले. अंजली ही त्यांची एकुलती मुलगी. लग्न होऊन चऱ्होलीच्या नव्या सोसायटीत राहायची, हिंजवडीला कामाला जायची आणि शनिवारी आईकडे यायची. पण गाऊन म्हणजे गळ्यापासून पायापर्यंत एकच कापड. डायपर बदलायचा तर तो छातीपर्यंत गोळा करावा लागे, आणि नंतर पाठीखालून ओढून सरळ करायला दोन माणसं लागत. आठवड्याचे सहा दिवस किसन एकटाच असे. चुण्या तशाच खाली राहत. डिसेंबरच्या शेवटी तिच्या माकडहाडाजवळ लाल डाग दिसला. जानेवारीत तिथली कातडी गेली.

ड्रेसिंगला येणारी सिस्टर म्हणाली, "काका, पाठीखाली घडी अजिबात राहू द्यायची नाही. जाड शिवणसुद्धा नको तिथं."

जखम सिस्टरला दिसत होती. तिच्यासमोर न घडणारी गोष्ट किसनला रोज तीन वेळा दिसायची. गाऊन वर घेतला की नीला डावा हात डोळ्यांवर आडवा धरायची आणि सगळं उरकेपर्यंत काढायची नाही. ही बाई परक्या बायकांची मापं घेताना दाराचा पडदा दोनदा ओढून बघायची. आता ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्यासमोर तोंड लपवत होती.

अंजलीनं ऑनलाइन शोधून आजारी माणसांसाठीचा खास गाऊन मागवला. मागून तो पूर्ण उघडा होता, मानेशी आणि कमरेशी बंद. तिनं तो आईसमोर उलगडून धरला, "बघ आई, हे किती सोपं होईल बाबांना."

नीला म्हणाली, "नको." आणि डाव्या हातानं भिंतीवर मारलं. मग पुन्हा मारलं. त्या नकोबद्दल कुणालाच शंका आली नाही.

अंजली गाऊन घडी करत स्वयंपाकघरात गेली. किसन तिच्या मागं गेला.

"मी शिवतो तिला काहीतरी," तो म्हणाला.

"तुम्ही?" अंजलीला हसू आलं आणि लगेच गेलं. "बाबा, तुम्हाला बटण तरी लावता येतं का?"

"ड्रॉइंग वाचता येतं. आयुष्यभर कागद बघून लोखंड कापलंय मी. कापड काय त्याच्यापेक्षा कडक असतंय का?"

नीलाची कागदी कटिंग्ज मशीनशेजारच्या खिळ्याला दोऱ्यात ओवून टांगलेली होती. खाकी कागदाचे, वर्तमानपत्राचे, कॅलेंडरच्या पाठीचे तुकडे, आणि प्रत्येकावर तिच्या बारीक अक्षरात कुणाचं तरी नाव. त्यात किसनला हवं ते सापडलं, 'अंजली कॉलेज स्कर्ट, सहा कळ्या, कंबर २८, लांबी ३६.' कळी म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद असा लांबट तुकडा. अशा सहा जोडल्या की स्कर्टचा घेर तयार होतो. त्याचा विचार सरळ होता. वर आखूड कुर्ता आणि खाली स्कर्ट, म्हणजे खालचं बदलताना वरचं अंग झाकलेलं राहील.

त्यानं नीलाच्या कमरेला टेप लावला. छत्तीस. अंजलीच्या मापापेक्षा आठ इंच जास्त. आठ भागिले सहा, म्हणजे प्रत्येक कळी सव्वा इंचाहून थोडी जास्त रुंद. त्यानं फिटरच्या सवयीप्रमाणे सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात हिशेब केला, नवीन खाकी कागदावर पट्टीनं रेघा मारल्या, आणि कपाटात पडून असलेल्या निळ्या सुती कापडावर कागद ठेवून खडूनं खुणा केल्या. त्याची रेघ कुठंही थरथरली नव्हती. नीलाला त्यानं खुर्चीत उशा लावून समोर बसवलं होतं, तिला बरं वाटेल म्हणून.

त्यानं कात्री लावली तेव्हा ती म्हणाली, "नको."

"होतंय, होतंय," किसन म्हणाला.

दुसरी कळी कापताना ती पुन्हा म्हणाली, "नको. नको." आणि डावा हात उचलून हवेत दोन बोटं एकमेकांपासून लांब केली. त्यानं उठून तिला पाणी पाजलं आणि पुढचं कापत गेला.

शिवायला त्याला चार दिवस लागले. गुरुवारी लाइट नव्हती म्हणून मोटर काढून पायानं चालवलं. दोरा आठ-दहा वेळा तुटला. शेवटी सहा कळ्या जोडून, नेफ्यात इलॅस्टिक घालून स्कर्ट उभा राहिला. नीलाच्या पायातून तो वर सरकवू लागला तर मांड्यांवरच अडकला. त्यानं टेप घेऊन स्कर्ट मोजला. कंबर तीस इंच.

तो जमिनीवर बसून राहिला. सहा इंच गेले कुठं? मग एक शिवण हातात धरून उलटी केली आणि त्याला दिसलं. प्रत्येक जोडात दोन्ही बाजूंचं अर्धा-अर्धा इंच कापड आत गेलं होतं. सहा जोड, सहा इंच. नीला कागदावर नेमकं अंगाचं माप काढायची आणि शिवणीसाठीचं जास्तीचं कापड कापताना अंदाजानं सोडायची. ते कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं, कारण तिला ते लिहायची गरज कधी पडली नव्हती. पत्रा वाकवतानासुद्धा वाकवण्याचं माप आधी धरावं लागतं, हे नवीन पोरांना त्यानंच शिकवलं होतं.

आणि त्याला आठवली ती हवेत लांब केलेली दोन बोटं.

"तू सांगायलीस, आन् मी पाणी पाजत बसलो," तो म्हणाला.

नीलानं मान भिंतीकडे वळवली. त्या दिवशी तिनं जेवण घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही दोनच घास. खुर्चीत बसवलं तर डोळे मिटून घ्यायची. पुढचा महिनाभर किसननं मशीनवर चादर टाकून ठेवली आणि तिला गाऊनच घालत राहिला. जखम एक रुपयाएवढी होती ती आता वाटीच्या बुडाएवढी झाली.

मार्चमध्ये सिस्टरनं तिला दिवसातून दोनदा चाकाच्या खुर्चीत बसवायला सांगितलं. तिला उचलून बसवताना किसनच्या लक्षात एक गोष्ट आली. उभ्या माणसासाठी कापलेला कपडा बसलेल्या माणसाला पुढून पोटाशी गोळा होतो आणि मागून खाली ओढला जातो. नीला आता उभी राहणारच नव्हती. मग उभं माप घेऊन उपयोग काय? त्यानं तिला खुर्चीत बसवलं, टेप काढला आणि बसल्या-बसल्या मोजलं. पुढून कंबर अडीच इंच खाली हवी होती, मागून तीन इंच वर. लांबी कमरेपासून मांडीवरून गुडघ्यापर्यंत, आणि गुडघ्यावरून खाली घोट्यापर्यंत. हे असं माप खिळ्यावरच्या एकाही कागदावर नव्हतं.

त्यानं कागद कापले, पुढचे दोन आणि मागचे दोन. या वेळी शिवणीची जागा वेगळ्या रेघेनं दाखवली. मागचे दोन भाग त्यानं एकमेकांवर चढणारे, मधे उघडणारे काढले, म्हणजे उचलायची गरजच पडू नये. मग ते चारही कागद त्यानं नीलाच्या मांडीवर ठेवले.

"हे बघ. आता सांग मला. कळेपर्यंत मी कात्री लावत नाही."

तिनं बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मग उघडले. पुढचे दोन कागद डाव्या हातानं बाजूला सारले. मागच्या दोन कागदांकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको."

"हा खरा नको आहे का?"

ती चिडली. मागचा एक कागद तिनं बोटांनी ढकलत ढकलत दुसऱ्याच्या कडेला नेला. तो निसटला. पुन्हा ढकलला. दोघांच्या कडा एकमेकींना लागल्या तसा तिनं त्यावर तळहात दाबून धरला.

"दोन्ही एकच करायचे?" किसननं विचारलं. "मागं जोडच नको?"

तिनं हात उचलला नाही.

"मग उघडायचं कुठून?"

तिनं हात पुढं केला. त्याला काय हवंय ते समजायला वेळ लागला. मग त्यानं खडू दिला. उभ्या आयुष्यात तिनं डाव्या हातानं खडू धरला नव्हता. तिनं स्वतःच्या अंगातल्या गाऊनवरच, डाव्या बाजूला मांडीच्या जरा वर, एक वेडीवाकडी उभी रेघ मारली. मग त्या रेघेवर तीन ठिपके दिले. तिचा हात जिथं आपोआप पोचत होता, बरोबर तिथं.

किसनच्या डोक्यात सगळं एकदम बसलं. मागचा भाग एकच रुंद, शिवण नसलेला. तो आधी अंथरायचा, त्यावर तिला बसवायचं किंवा झोपवायचं, आणि बाजूनं पुढं आणून डावीकडे बंद करायचं. पाठीखाली ना घडी ना जोड. आणि बंद करणारा हात तिचा.

"तू लावणार बटणं?"

ती काहीच म्हणाली नाही, नकोही नाही. खडू त्याच्याकडे परत देण्याआधी तिनं एक चौकोनही काढला, रेघेच्या जरा मागं. तो खिसा होता. ओठाच्या उजव्या कडेनं तिची लाळ गळायची, आणि पुसायचा रुमाल दर वेळी किसनला शोधून द्यावा लागायचा.

आधी त्यानं मांजरपाटाचा कच्चा स्कर्ट शिवून बघितला. वेलक्रो लावला तर तो उघडताना टर्रकन आवाज व्हायचा आणि नीला दचकायची, म्हणून काढून टाकला. हूक तिला जमेना. मग मोठी टिचबटणं आणली. लांबी त्यानं घोट्याच्या वर धरली होती, कापड चाकात अडकू नये म्हणून. तिनं कडेला बोट लावून खाली ओढलं, पुन्हा पुन्हा ओढलं, तेव्हा त्याला समजलं की तिला सुजलेलं उजवं पाऊल झाकायचंय. त्यानं तीन इंच वाढवले. एप्रिल असाच गेला. कधी ती दिवसभर चिडलेली असे, कधी कागद हातानं उडवून लावी, आणि एकदा त्याचीच सहनशक्ती संपून तो गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला आणि अर्ध्या तासानं परत आला. पण गाऊन वर ओढणं बंद झालं. तिनं डोळ्यांवर हात धरणंही बंद केलं. सिस्टर म्हणाली, जखमेला कडेनं नवी कातडी येतेय.

खरा स्कर्ट पांढऱ्या सुती कापडाचा केला, कारण मे महिन्यात बुद्धपौर्णिमा होती. झटका येईपर्यंत नीलानं विहारातली एकही पौर्णिमा चुकवली नव्हती. पांढरी साडी आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवायची. किसन मात्र वर्षातून एकदा, तेही दारात चपला राखल्यासारखा मागं उभा राहायचा.

त्या दिवशी अंजली गाडी घेऊन आली. नीलाला पांढरा कुर्ता आणि स्कर्ट घातला. पहिलं बटण नीलानं लावलं. दुसरं लावायला गेली तर बोटं घसरत राहिली. अंजली पुढं झाली तसा किसननं तिचा हात धरला, "थांब." दुसरंही लागलं. तिसऱ्याला नीलाच्या कपाळावर घाम आला होता. ते तिनं सोडून दिलं आणि किसनकडे बघितलं, मग त्यानं लावलं. तोपर्यंत वीस मिनिटं झाली होती.

विहारात बायका तिच्याभोवती जमल्या. कुणी रडल्या. महिला मंडळाच्या कुसुमताई तिच्या खुर्चीजवळ उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "काय सोन्यासारखा हात होता हो हिचा! आता काय, बिचारी." दुसऱ्या एकीनं नीलाच्या डोक्यावरून किसनला विचारलं, "कळतंय का हो तिला काही?" नीला समोरच्या मूर्तीकडे बघत बसली होती. तिनं खिशातून रुमाल काढला, ओठ पुसला, परत खिशात घातला.

वंदना सुरू झाली. सगळ्यांचा एक आवाज उठला आणि त्या आवाजात किसनला आणखी एक आवाज ऐकू आला. त्यानं खाली बघितलं. नीलाचे ओठ हलत होते. ती म्हणत होती. त्रिसरण पुरं, शब्द न् शब्द, जरा बोबडा पण स्पष्ट. मग पंचशील, पाचही. अंजलीनं तोंडावर हात दाबला. किसन खुर्चीच्या हाताला धरून खाली बसला आणि सहा महिन्यांनी आपल्या बायकोचा आवाज ऐकत राहिला.

गाडीत बसल्याबरोबर तो म्हणाला, "नीला, बोल ना काहीतरी. अंजली म्हण. अं-ज-ली."

तिनं तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या.

"नको," ती म्हणाली.

"बरं, पाणी म्हण. पाणी."

"नको."

"आत्ता तर एवढं सगळं म्हणालीस! असं काय करायलीस?"

"बाबा, पुरे," अंजली म्हणाली. आरशात तिला आईचा चेहरा दिसत होता. नीला रडत होती, एकाच डोळ्यातून पाणी येत होतं.

सोमवारी किसननं डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं की असं होतं. लहानपणापासूनची पाठ असलेली प्रार्थना, आकडे, वारांची नावं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात. स्वतःहून काही सांगायची वाट वेगळी, आणि ती बंद झालेली आहे.

"म्हणजे ती बोलली नाही?"

"आवाज त्यांचाच होता. पण फार आशा ठेवू नका. सहा महिने झालेत."

किसननं फोन ठेवला. अंजलीला त्यानं यातलं निम्मंच सांगितलं. मात्र त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो नीलाच्या खुर्चीसमोर बसून वंदना म्हणायला लागला. त्याला ती नीट येत नव्हती. पुस्तक हातात धरून तो अडखळत म्हणायचा आणि नीला पाठ म्हणायची. शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारपणी माणूस धर्माला लागला. त्याला फक्त तिचा आवाज ऐकायचा होता, आणि तो ऐकायची दुसरी सोय नव्हती. वंदना संपली की खोलीत जी शांतता व्हायची ती त्याला आधीपेक्षाही जड जायची. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बसायचा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नीलाला हुडहुडी भरून ताप आला. दुपारपर्यंत ती हाकेला डोळे उघडेना, मग अंग ताठ होऊन झटके यायला लागले. अँब्युलन्स आली. किसननं तिच्या अंगावरचं काही बदललं नाही. तोच पांढरा स्कर्ट होता, दोन दिवसांपूर्वी धुतलेला.

इमर्जन्सीत तिला टेबलावर घेतलं. तीन-चार जण एकाच वेळी तिच्याभोवती आले. नळी घालायची होती. एकानं मोठी कात्री घेतली आणि स्कर्टच्या खालच्या कडेला लावली.

"अहो, ते बाजूनं उघडतंय!" किसन ओरडला. "बटणं हायेत तिथं, डावीकडं!"

"काका, मागं व्हा."

"तीनच बटणं—"

कात्री घोट्यापासून कमरेपर्यंत एका दमात गेली. कापडाचे दोन भाग टेबलाच्या दोन्ही बाजूंना लोंबले आणि पडदा ओढला गेला. नंतर एका नर्सनं त्याला बाहेर बाकावर बसवलं. ती वयानं अंजलीएवढी होती. म्हणाली, "वेळ नसतो हो आमच्याकडे बटणं बघायला. रागावू नका." तो रागावलेला नव्हता. त्याला फक्त एवढंच कुणाला तरी सांगायचं होतं, की ते उघडायची जागा तिनं स्वतः आखली होती. पण नर्सला आत बोलावलं.

लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. नीला वाचली. सतरा दिवसांनी तिला घरी आणलं तेव्हा तिला बसवलं की मान छातीवर पडायची. डावा हात गादीवर ठेवला तर ठेवला तिथंच राहायचा. दवाखान्यात पाठीची जखम पुन्हा उघडली होती आणि नितंबावर दुसरी झाली होती. किसननं पहिल्या संध्याकाळी पुस्तक काढून वंदना म्हटली. तिचे ओठ एक-दोनदा हलले, आवाज आला नाही. तो शेवटपर्यंत एकटाच म्हणाला.

दवाखान्यानं दिलेली प्लास्टिकची पिशवी दारामागं तशीच होती. शनिवारी अंजली आली तेव्हा तिनं ती उघडली. स्कर्ट बाहेर काढून पलंगावर पसरला. काप सरळ होता, मधोमध.

"जोडता येईल, बाबा. मधे पट्टी घालून."

"येईल," किसन म्हणाला. "पण हा बसलेल्या मापाचा आहे. मागं तीन इंच वर चढवलेला. झोपलेल्या माणसाला ते वरचं कापड पाठीखाली गोळा होणार. पुन्हा तेच."

अंजलीनं स्कर्टची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. लहानपणी आईनं तिला मशीनवर बसवायचा किती प्रयत्न केला होता, आणि ती दर वेळी अभ्यासाचं निमित्त करून उठायची. या आठ महिन्यांत आईचे कपडे बदलताना ती बहुतेक वेळा फोनवर बोलायला बाहेर गेली होती. आता ती पलंगाच्या कडेला बसली.

"मग झोपलेलं माप घ्या," ती म्हणाली. "मी उचलते तिला."

किसननं टेप आणला. अंजलीनं एक हात आईच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला आणि तिला आपल्याकडे वळवलं. एवढ्या हलक्या झालेल्या माणसाचं वजन एवढं कसं लागतं, हे तिला पहिल्यांदाच समजलं. जखमेवरची पट्टी दिसली तशी तिनं मान फिरवली, मग परत वळून बघितली. किसननं पाठीखालून टेप सरकवला, आकडा वाचला, कागदावर लिहिला. आता पाठीकडचा भाग दोन अर्ध्यांचा आखायचा, मधे कापडच नसलेला, दोन्ही कडा कुशीला संपणाऱ्या. वरून फक्त झाकण. त्याला स्कर्ट म्हणायचं की चादर, हे त्यालाही ठरवता आलं नाही.

कापायचं काम त्यानं केलं. शिवायला अंजली बसली. सुई दोनदा अडखळली, मग चालू लागली. ती शिवत होती तोवर किसन नीलाला कुशीवर धरून पलंगाला टेकून बसला होता, कारण हात सोडला की ती पाठीवर जायची.